नऱ्ह्याच्या साइटसाठी सुरक्षा कॅमेरे : किती, कोणते आणि कुठे?

प्रश्न : नऱ्हे_साइट

नमस्कार.

पुण्याजवळ नऱ्हे येथे आमचे पार्किंग अधिक पाच मजले अशा निवासी इमारतीचे काम सुरू असून सध्या चौथ्या स्लॅबचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा) चालू आहे. भूखंड १४ गुंठ्यांचा, म्हणजे ढोबळमानाने ४७ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. पुढे रस्त्याकडे ६ मीटर रुंदीचे एकच फाटक आहे. बाकी तिन्ही बाजूंना पत्र्याचे कुंपण आहे आणि मागे ओढा असल्यामुळे तिकडे रात्री कोणाचीही वर्दळ नसते. साइटचे कार्यालय पत्र्याच्या खोलीत आहे, त्याला लागून सिमेंटचे गोदाम आहे आणि फाटकाशेजारी रखवालदाराची खोली आहे.

गेल्या महिन्यात तिसऱ्या स्लॅबची सळई बांधताना फिटरच्या मुकादमाने १२ मिलिमीटरचा माल कमी पडत असल्याचे सांगितले. आम्ही चलने आणि बांधलेल्या सळईचा हिशेब ताडून पाहिला, तेव्हा चाळीस सळयांची तूट निघाली. १२ मीटर लांबीची १२ मिलिमीटरची एक सळई साडेदहा किलोंहून थोडी अधिक भरते. म्हणजे सव्वाचारशे किलो स्टील साइटवरून नाहीसे झाले होते. काम सुरू करताना आम्ही दोन कॅमेरे बसवले होते. त्यांच्या चित्रणात एका रात्री दोन माणसे आणि एक टेम्पो दिसतो. परंतु माणसांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते पांढरे डाग आहेत, टेम्पोचा क्रमांक त्याच्याच दिव्यांच्या झगझगाटात दिसेनासा झाला आहे आणि चित्रावर उमटलेली तारीख १ जानेवारी २००० अशी आहे. त्या चित्रणाचा पोलिसांना काहीही उपयोग झाला नाही.

आता एका विक्रेत्याने आठ कॅमेऱ्यांचे दरपत्रक दिले आहे. सर्व कॅमेरे ५ मेगापिक्सेलचे आणि २.८ मिलिमीटर भिंगाचे असून त्यांपैकी चार सौरऊर्जेवर चालणारे बिनतारी आहेत. फाटकावर नजर ठेवणारा कॅमेरा कार्यालयाच्या भिंतीवर, म्हणजे फाटकापासून १५ मीटर अंतरावर बसवावा, असे त्याचे म्हणणे आहे. माझी तरतूद सव्वा लाख रुपयांची आहे. जुने कॅमेरे २ मेगापिक्सेलचे होते, त्यामुळे ५ मेगापिक्सेल घेतल्यावर चेहरे ओळखू येतील, असे मी गृहीत धरावे का?

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमचे रखवालदार आठ वर्षांपासून आमच्याकडे आहेत आणि पत्नी व दोन मुलांसह साइटवरच राहतात. चोरी झाल्यापासून लोक त्यांच्याकडे संशयाने पाहतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, आणि कॅमेरे बसवणे म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवणे, असे त्यांना वाटू नये, अशी माझी इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : जोडणीकार

नमस्कार. मी सोळा वर्षांपासून पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कॅमेरे बसवण्याचे काम करतो आणि त्यांत बांधकामाच्या साइट बऱ्याच असतात. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो : त्या जागेवर आणि त्या भिंगाने ५ मेगापिक्सेल घेऊनही चेहरा ओळखू येणार नाही.

यामागचे गणित सोपे आहे आणि दरपत्रक हातात आल्यावर प्रत्येकाने ते स्वतः करून पाहावे. साधारण १/२.८ इंच सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या) कॅमेऱ्याला २.८ मिलिमीटरचे भिंग लावले, की १५ मीटर अंतरावर त्याला सुमारे २९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. २ मेगापिक्सेलच्या चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके (पिक्सेल) असतात. ते २९ मीटरवर पसरले, की एका मीटरच्या वाट्याला ६६ ठिपके येतात. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी सोळा सेंटीमीटर धरली, तर संपूर्ण चेहरा दहा-अकरा ठिपक्यांत मावला. ५ मेगापिक्सेलमध्ये रुंदीतले ठिपके सुमारे २६०० होतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला चौदा येतात. दहाचे चौदा झाले म्हणून डागाचा चेहरा होत नाही. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी मीटरमागे २५० ठिपके असावेत, असे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितले आहे. आधीपासून माहितीतला माणूस ओळखण्यासाठी १२५ पुरतात, आणि कोणीतरी आहे एवढेच कळण्यासाठी २५. आता त्याच जागी, त्याच अंतरावर, २ मेगापिक्सेलच्याच कॅमेऱ्याला १२ मिलिमीटरचे भिंग लावून पाहा. पट्टा पावणेसात मीटरचा होतो, म्हणजे आपले ६ मीटरचे फाटक त्यात नेमके बसते, आणि मीटरमागे २८५ च्या आसपास ठिपके मिळतात. त्यामुळे विक्रेत्याला मेगापिक्सेल विचारण्याआधी ‘कोणत्या अंतरावर, किती रुंदीचे दिसणार?’ हे विचारावे. फाटकासाठी २.८ ते १२ मिलिमीटर असे बदलते भिंग असलेला, मोटरवर चालणारा कॅमेरा घेतला, तर बसवल्यावर मोबाइलवरूनच त्याची चौकट जुळवून घेता येते.

रात्रीच्या बाबतीत मेगापिक्सेल उलटही पडतात. सेन्सर तेवढाच ठेवून त्यावर अधिक ठिपके कोंबले, की प्रत्येक ठिपक्यावर पडणारा प्रकाश कमी होतो. आपल्या जुन्या कॅमेऱ्यांत चेहऱ्यांचे पांढरे डाग झाले, त्याचे कारण वेगळे असावे : कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे जवळच्या वस्तूवर इतके जोरात पडतात, की चेहरा उजळून सपाट होतो. यावर माझा उपाय नेहमी एकच असतो. फाटकावर साधा, पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवावा आणि तो कॅमेऱ्याच्या शेजारी न लावता बाजूच्या खांबावर लावावा. उजेडात चित्र रंगीत राहते, शर्टाचा रंग कळतो, गाडीचा रंग कळतो. शिवाय उजेड असलेल्या फाटकातून माल काढायला माणूस बिचकतो.

उंचीबद्दलही विचार करावा लागतो. कॅमेरा चोरीला जाऊ नये म्हणून लोक तो पाच-सहा मीटर उंच बसवतात, आणि मग वरून सगळी पिवळी हेल्मेटे तेवढी दिसतात. चेहऱ्याचा कॅमेरा अडीच ते तीन मीटर उंचीवर, माणसाच्या समोर येईल असा असावा. त्याच्यावर लक्ष ठेवणारा दुसरा कॅमेरा उंचावर ठेवावा, म्हणजे पहिल्याला कोणी हात लावला तर ते दुसऱ्यात टिपले जाईल. त्या उंचावरच्या कॅमेऱ्याचे आणखी एक फार मोलाचे काम असते, आणि बहुतेक साइटवर ते कोणी करून घेत नाही. तो वरून गाडीच्या हौद्यात पाहू शकतो. आत येणाऱ्या गाडीत क्रश सँड खरोखर चलनावर लिहिलेल्या ब्रासइतकी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आहे का, आणि बाहेर जाणारी गाडी खरोखर रिकामी आहे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हौद्यात असतात. काही वर्षांपूर्वी मी काम केलेल्या एका साइटवर महिनोन् महिने तूट येत होती. कुंपण शाबूत होते, रात्रीच्या चित्रणात काहीही नव्हते. हौद्यावर कॅमेरा लावल्यानंतर नवव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास राडारोडा घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फुटक्या विटांच्या खालून सेंट्रिंगच्या प्लेटांच्या कडा चमकताना दिसल्या. माल भरदिवसा, गेटपासच्या सहीनिशी जात होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की कुंपणाचे चार कॅमेरे कमी करा, पण फाटकावर तीन ठेवा : एक चेहऱ्यासाठी, एक गाडीच्या क्रमांकासाठी आणि एक हौद्यासाठी.

क्रमांकाच्या कॅमेऱ्यासाठी महागडी यंत्रणा घेण्याची गरज आपल्यासारख्या साइटला नाही. फाटकात साखळी लावून प्रत्येक गाडी थांबवावी आणि थांबलेल्या गाडीची पाटी चौकटीचा बराच भाग व्यापेल, असे अरुंद भिंग वापरावे. कॅमेरा पाटीच्या फार तिरका नसावा आणि त्याचे शटर जलद ठेवावे, म्हणजे पुढच्या दिव्यांचा झगझगाट आटोक्यात राहतो. संपूर्ण चित्र काळपट दिसेल, ते तसेच दिसू द्यावे. त्या कॅमेऱ्याने फक्त पाटी वाचायची आहे.

कॅमेरा कुठे रोवायचा, हा साइटवरचा खरा अवघड प्रश्न असतो, कारण इथे आज मोकळी असलेली जागा पुढच्या महिन्यात परांचीने झाकली जाते. पत्र्याच्या कुंपणावर कॅमेरा कधीही लावू नये. वाऱ्याने पत्रा हलतो आणि त्याबरोबर चित्रही हलते. २०० लिटरच्या रिकाम्या ड्रममध्ये मधोमध तीन इंची जीआय पाइप उभा करून ड्रम काँक्रीटने भरावा. भरलेला ड्रम पावणेपाचशे किलोंच्या घरात जातो, त्यामुळे तो कोणी सहज ढकलू शकत नाही आणि जागा बदलायची झाली तर जेसीबी पाच मिनिटांत तो उचलून ठेवतो. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी मिक्सरमध्ये उरलेले काँक्रीट असतेच. त्यातच असे दोन-तीन ड्रम भरून होतात.

सौरऊर्जेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल सांगायचे, तर ६ वॉट खाणाऱ्या कॅमेऱ्याला दिवसाला १४४ वॉट-तास लागतात. बहुतेक लहान बिनतारी कॅमेरे एवढी ऊर्जा साठवू शकत नाहीत. म्हणून ते झोपलेले असतात आणि हालचाल जाणवल्यावर जागे होऊन थोडा वेळ चित्रण करतात. जुलैमध्ये आठवडाभर सूर्यदर्शन झाले नाही, की तेही बंद पडतात. जिथे तार नेणे अशक्य आहे अशा एका ओढ्याकाठच्या कोपऱ्यासाठी असा एखादा ठीक आहे, मुख्य भिस्त त्याच्यावर ठेवू नये. बाकी सर्व कॅमेरे एकाच तारेतून वीज आणि चित्र नेणाऱ्या पीओई पद्धतीचे घ्यावेत. ही तार १०० मीटरपर्यंत चालते आणि आपल्या भूखंडाला तेवढी पुरते. तार शुद्ध तांब्याचीच असल्याची खात्री करावी. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास मिळते. लांब अंतरावर तिच्यात वीजदाब पडतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले, की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो.

प्रतिसाद २ : स्थापत्य_वाघोली

मी वाघोलीजवळच्या एका गृहप्रकल्पावर साइट अभियंता आहे. जोडणीकारांनी जे लिहिले आहे ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते, विशेषतः हौद्याविषयीचे. बसवल्यानंतरच्या वर्षभरात काय घडते, ते मी सांगते, कारण दरपत्रकात त्याचा उल्लेख नसतो.

आमचा पहिला संच वळवाच्या पहिल्या पावसातच गेला. वीज थेट पडली नव्हती, दूर कुठेतरी कडाडली होती. परंतु साइटभर पसरलेल्या लांब तारांतून झटका आला आणि स्विचसह तीन कॅमेरे एकाच वेळी निकामी झाले. त्यानंतर आम्ही प्रत्येक खांबाला स्वतंत्र अर्थिंग केले आणि तारांच्या दोन्ही टोकांना झटका शोषून घेणारी उपकरणे लावली. साइटच्या तात्पुरत्या वीजजोडणीवर वेल्डिंगचे मशीन, व्हायब्रेटर आणि मिक्सर चालत असतो, तेव्हा वीजदाब सतत वरखाली होतो. म्हणून कॅमेऱ्यांचा पुरवठा इन्व्हर्टरमधूनच घ्यावा. सहा कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून साठ वॉटच्या आसपास जातात, आणि १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तेवढ्यावर सहज रात्र काढते. गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असली, तरी अडचण येत नाही.

कॅमेरा आयपी ६६ किंवा आयपी ६७ अशा धूळ-पाणीरोधक दर्जाचा असला, तरी त्याच्या शेपटीला असलेला तारेचा जोड पाण्यापासून सुरक्षित नसतो. जोड डबीत बंद करावा आणि तारेला डबीच्या खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून झोलाच्या टोकाशी गळून जाते आणि आत शिरत नाही. आम्ही पहिल्या वर्षी झोल ठेवला नव्हता. ऑगस्टमध्ये डबी उघडली, तेव्हा आत अर्धी वाटी पाणी होते आणि जोडाच्या पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता.

घुमटाकार कॅमेरे साइटवर टाळावेत. सिमेंटची धूळ त्या घुमटावर बसते, पहाटेच्या दवाने ती ओली होते आणि उन्हाने कडक होते. मग रात्री इन्फ्रारेडचा प्रकाश त्या थरावरून परतून सगळे चित्र धुकट होते. नळीच्या आकाराच्या कॅमेऱ्यांनाही दर पंधरवड्याला पुसावे लागते. आधी पाण्याची धार सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच मऊ फडक्याने पुसावे, नाहीतर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. हालचाल टिपण्याच्या सूचनांविषयीही सांगते : इमारतीला लावलेली हिरवी जाळी वाऱ्याने फडफडते आणि रात्रीत शेकडो खोट्या सूचना येतात. चार दिवसांनी माणूस मोबाइल मूक करतो आणि पाचव्या दिवशी खरी सूचना चुकते. म्हणून माणूस आणि वाहन वेगळे ओळखणारा कॅमेरा घ्यावा आणि सूचनेची वेळ रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच ठेवावी.

आपल्या रखवालदारांविषयी वाचून मला आमच्या साइटवरची गोष्ट आठवली. तांब्याच्या वायरीची नऊ बंडले गेली होती आणि सगळ्यांनी एकमुखाने रखवालदार काकांचे नाव घेतले. त्यांना कामावरून काढण्याचे ठरले होते. मी त्या रात्रीचे चित्रण शेवटपर्यंत बसून पाहिले. त्यात काका दर तासाला हातात बॅटरी घेऊन फेरी मारताना दिसत होते, आणि बंडले तर आदल्या संध्याकाळी सहा वाजता, सगळ्यांच्या समोर, दुसऱ्याच माणसाच्या खांद्यावरून बाहेर गेली होती. ते चित्रण दाखवले, तेव्हा काका काहीच बोलले नाहीत, नुसते खाली बसले. कॅमेरे बसवण्याच्या दिवशी आपण रखवालदारांना सोबत घ्यावे, प्रत्येक कॅमेऱ्याला काय दिसते ते त्यांना पडद्यावर दाखवावे आणि त्यांच्या खोलीतही एक लहान पडदा द्यावा. त्यांना रात्री मागच्या ओढ्याकडे एकट्याने जावे लागणार नाही, हा त्यांचाच मोठा फायदा आहे.

एक विनंती मात्र अगदी आग्रहाने करते. त्यांच्या खोलीचे दार, कामगारांच्या राहण्याच्या पत्र्याच्या खोल्या आणि विशेषतः बायका जिथे आंघोळ करतात, कपडे धुतात ती जागा कोणत्याही कॅमेऱ्याच्या चौकटीत येता कामा नये. साइटवर आंघोळीला चार बल्ल्या आणि एक फाटकी ताडपत्री एवढाच आडोसा असतो आणि उंचावरचा कॅमेरा त्यात सहज डोकावतो. बसवणाऱ्याच्या मनातही हे येत नाही, म्हणून आपणच वर चढून पाहावे. ज्या भागाला टाळता येत नाही, त्यावर कॅमेऱ्याच्या मांडणीतून काळा पट्टा टाकता येतो. शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांनाही हेच लागू आहे. आवाजाचे ध्वनिमुद्रण बंदच ठेवावे. फाटकावर कॅमेरे असल्याचा फलक मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत लावावा, कारण अनेक कामगार बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले असतात.

प्रतिसाद ३ : नऱ्हे_साइट

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दरपत्रक मी परत पाठवले आहे. दोन शंका आहेत. रेकॉर्डर कुठे ठेवावा आणि किती दिवसांचे चित्रण साठवावे? आणि साइटवर ब्रॉडबँड नाही, तर सिमकार्डच्या राउटरवर सगळे चित्रण इंटरनेटवर साठवता येईल का?

प्रतिसाद ४ : जोडणीकार

सगळे चित्रण इंटरनेटवर पाठवण्याचा विचार सोडून द्यावा. एका कॅमेऱ्याचे चांगल्या दर्जाचे चित्रण एच.२६५ या आकुंचनाच्या पद्धतीने सेकंदाला २ मेगाबिट धरले, तरी दिवसाला २१.६ गिगाबाइट होते. सहा कॅमेऱ्यांचे सुमारे १३०. सिमकार्डवर ते पेलणार नाही. राउटर फक्त सूचनांसाठी आणि आपण मोबाइलवर अधूनमधून पाहण्यासाठी ठेवावा.

साठवणीचे गणितही त्याच आकड्यावरून निघते. सहा कॅमेरे आणि तीस दिवस म्हणजे ३.९ टेराबाइट, त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क काठोकाठ होते. ६ ची घ्यावी. संगणकाची साधी डिस्क न घेता, अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली पाळत-यंत्रणेचीच घ्यावी. तीस दिवसांहून कमी ठेवू नये, कारण सळईची तूट चोरीच्या दिवशी कळत नाही, पुढच्या स्लॅबला कळते. आपल्यालाही तसाच अनुभव आला आहे. जमल्यास पंचेचाळीस दिवस ठेवावे.

रेकॉर्डर पत्र्याच्या कार्यालयात उघड्यावर ठेवू नये. चोर आधी तोच उचलतात, आणि मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता डिस्कला सोसवत नाही. पार्किंगच्या स्लॅबवर बांधकाम झालेल्या एखाद्या खोलीत, जाळीच्या खिडक्या असलेल्या लोखंडी कपाटात, भिंतीला बोल्टने आवळून ठेवावा. फाटकाच्या तीन कॅमेऱ्यांत मेमरी कार्डही टाकावे, म्हणजे रेकॉर्डर गेला तरी तेवढे चित्रण उरते.

१ जानेवारी २००० या तारखेचे कारण रेकॉर्डरमधला नाण्याएवढा सेल असतो. तो संपला, की वीज गेल्यावर घड्याळ मूळ तारखेवर परत जाते. सेल बदलावा आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सोय चालू करावी. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि साइटवरून एखादा माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. शिवाय एप्रिल २०२५ पासून केंद्र शासनाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्या मॉडेलचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागावे. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारपूस केली, तर जुना साठा स्वस्तात देणारेही भेटतील. तो मोह टाळावा.

प्रतिसाद ५ : शिवाजीनगर_वकील

मी शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी प्रकरणे चालवतो. चित्रण स्पष्ट असूनही पुरावा म्हणून ते कसे वाया जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून थोडे लिहितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब ची जागा आता त्यातील कलम ६३ ने घेतली आहे. मूळ रेकॉर्डरच न्यायालयात हजर केला नाही आणि पेन ड्राइव्हवर प्रत दिली, तर तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा ‘अ’ भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिच्या ओळखीचा आकडा, नोंदवायचे असते, जेणेकरून नंतर एका ठिपक्याचाही बदल झाला तर तो उघड व्हावा. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण आपल्याच राज्यातील जालना मतदारसंघाच्या निवडणुकीचे होते आणि त्यातही वाद चित्रफितींचाच होता.

व्यवहारात याचा अर्थ असा, की चोरी लक्षात येताच त्या रात्रीचे चित्रण रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपात काढून घ्यावे. पडद्याचे मोबाइलने काढलेले चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून तेवढ्यावर थांबू नये. डिस्क भरली की यंत्र जुने पुसत जाते, म्हणून यात एक दिवसही दवडू नये. प्रत कोणी काढली, कधी काढली आणि त्या वेळी रेकॉर्डरच्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती फरक होता, हे साध्या वहीत लिहून सही करावी. घड्याळ दहा मिनिटे पुढे असल्याने प्रकरण बुडत नाही. तो फरक कोणीच नोंदवला नाही, तर मात्र उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवले जाते.

स्थापत्य_वाघोली यांनी स्त्रियांच्या खासगीपणाबद्दल लिहिले आहे, त्याला कायद्याचा भक्कम आधार आहे. स्त्रीला तिच्या खासगी कृतीत, म्हणजे कोणी पाहणार नाही अशी तिची साहजिक अपेक्षा असताना, चोरून पाहणे किंवा तिचे चित्र टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ‘कॅमेरा सुरक्षेसाठी होता’ असे सांगून सुटता येईल, या भरवशावर कोणीही राहू नये.

प्रतिसाद ६ : नऱ्हे_साइट

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आठऐवजी सहाच कॅमेरे घेतले : फाटकावर तीन, सळईच्या साठ्यावर एक, गोदामाच्या दारावर एक आणि ओढ्याकडे एक. ओढ्याकडचाही तारेचाच घेतला, कारण मोजल्यावर अंतर ७० मीटरच भरले. चौथ्या स्लॅबच्या दिवशी उरलेल्या काँक्रीटमध्ये दोन ड्रम भरून ठेवले आहेत. राहिलेल्या पैशांतून इन्व्हर्टर आणि अर्थिंग झाले.

उंचावरचा कॅमेरा लावताना मी स्वतः शिडीवर चढलो, तेव्हा चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात रखवालदारांच्या खोलीमागची मोरी दिसत होती. खांब दीड मीटर सरकवला. त्याच संध्याकाळी मोरीला चांगल्या पत्र्याचा आडोसा आणि दार करून घेतले. ते आम्ही वर्षभर आधीच करायला हवे होते.

काल रात्री साडेअकराला चाचणी घेतली. रखवालदार हेल्मेट घालून, मान खाली करून फाटकातून चालत आले आणि मी रेकॉर्डरवर पाहत होतो. पहिल्या फेरीत हेल्मेटच्या कडेची सावली डोळ्यांपर्यंत येत होती. दिवा दोन फूट खाली घेतला आणि पुन्हा चालून पाहिले. या वेळी चेहरा स्वच्छ दिसला, हनुवटीवरच्या जुन्या जखमेच्या खुणेसकट. मग ते आत आले, पडद्यावर स्वतःला पाहिले आणि म्हणाले, “साहेब, आता त्या टेम्पोवाल्याला पुन्हा येऊ द्या.”